मदत हवी आहे: बसोहली चित्रात भुंग्याचे पंख कसे चिकटवायचे?

बसोहली शैलीतलं एक मिनिएचर करतेय, वासली कागदावर (थर चिकटवून केलेला जाड कागद) गोंदातले रंग. जम्मूकडच्या या जुन्या चित्रांत, विशेषतः १६६०-७० च्या आसपासच्या रसमंजरी या चित्रमालिकेत, दागिन्यातले पाचू रंगवलेले नसून हिरव्या ज्वेल बीटल भुंग्याच्या पंखांवरच्या कडक झाकणाचे तुकडे चिकटवलेत, आणि मला तेच करायचंय. पंख मिळालेत, आपोआप मेलेल्या भुंग्यांचे, त्यामुळे तो मुद्दा कृपया नको.

अडचण अशी की झाकण बाकदार असतं, कात्रीने कापलं की कडेला तडकतं, आणि मला हवाय ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा. बाभळीच्या डिंकाने लावला तर वाळल्यावर टपकन उडतो, फेव्हिकॉलने बसतो पण कडेने पांढुरकी रेघ दिसते आणि खालचा कागद फुगतो. वाफ देऊन बघितली, मऊ होतं पण गार झालं की परत वाकडं.

फॉइल, नेलपॉलिश सुचवू नका प्लीज, चित्र हलवलं की हिरव्याचा निळा होतो ती मजा त्यात नाही (रंगद्रव्य नाही ते, पापुद्र्यांच्या रचनेमुळे दिसतं). शिवताही येणार नाही, इंग्लिश नटी एलेन टेरीच्या १८८८ च्या लेडी मॅकबेथच्या ड्रेसवर शिवलेत पण ते कापड होतं.

तर कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, सरस (कातडी-हाडांचा गोंद) वापरायचा का दुसरं काही, आणि मागून अकीकाच्या दगडाने घोटाई (घासून गुळगुळीत करणं) करायची ती पंख लावायच्या आधीच संपवायची का?