शब्दचर्चा: बायबलमधला ‘द्राक्षारस’ म्हणजे रस की मद्य?

प्रश्न: मराठी बायबलमध्ये ‘द्राक्षारस’ आणि ‘मद्य’ हे शब्द बऱ्याचदा जोडीने येतात. मग द्राक्षारस म्हणजे न आंबवलेला रस समजायचा का? आणि ज्यू धर्मात दारू निषिद्ध आहे की नाही?

प्रतिसाद: रस नव्हे. मराठीत ‘रस’ म्हटलं की उसाचा रस, आमरस आठवतो, म्हणून हा घोटाळा होतो. मूळ हिब्रू शब्द ‘यायिन’, ग्रीक ‘ओइनोस’, आणि दोन्ही सर्रास आंबवलेल्या पेयालाच वापरलेत. नोहाने द्राक्षमळा लावला आणि तंबूत उघडा पडला, तो यायिन पिऊनच. स्तोत्र १०४ मध्ये माणसाचं मन आनंदित करणारं म्हणून ज्याचं कौतुक आहे तेही यायिन, आणि नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायात ज्याला टवाळखोर म्हटलंय तेही यायिनच. चांगल्या पेयाला एक शब्द आणि वाईटाला दुसरा, अशी वाटणी हिब्रूने केलेली नाही.

जोडीतलं ‘मद्य’ म्हणजे ‘शेखार’. त्याच्या धातूचा अर्थ झिंगणे, आणि अक्कादी भाषेतला ‘शिकारु’ म्हणजे बिअर. यायिनच्या जोडीला तो आला की धान्याची, खजुराची अशी इतर पेयं समजावीत. म्हणजे दर्शनमंडपात जाताना याजकांनी द्राक्षारस किंवा मद्य पिऊ नये, या लेवीयातल्या नियमाचा (१०:९) अर्थ ‘रसही नको, दारूही नको’ असा नाही. ‘द्राक्षाची नको, दुसऱ्या कशाचीही नको’ असा आहे. इतका भेद लक्षात आला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

‘नवा द्राक्षारस’ (हिब्रू ‘तिरोश’) ही पळवाटही टिकत नाही. होशेय ४:११ मध्ये यायिनबरोबर तिरोशही माणसाची मती हरण करतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मध्ये लोक शिष्यांची थट्टा करतात की हे गोड वाइन पिऊन तर्र झालेत. तो पन्नासाव्या दिवसाचा सण, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या प्रदेशात द्राक्षांची तोडणी उन्हाळा सरता सरता. तेव्हापासून इतके महिने कोणता रस न आंबता राहील? वल्हांडण, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेचा ज्यू सण, तर त्याहून आधी, वसंतात. म्हणून त्या सणाच्या वेळच्या येशूच्या शेवटच्या भोजनातला प्यालाही वाइनचाच होता, याबद्दल मला शंका नाही. चर्चमधला न आंबवलेला रस ही अगदी अलीकडची गोष्ट. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने रस तापवून बाटलीबंद केला, तो प्रभुभोजनासाठीच.

आता दुसरा प्रश्न. ज्यू धर्मात दारू निषिद्ध नाही. शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, सुरुवात वाइनच्या प्याल्यावर ‘किद्दुश’ हे आशीर्वचन म्हणून होते, वल्हांडणाच्या रात्री चार प्याले घ्यायचे असतात. पण नियम मात्र कडक आहेत, आणि गंमत अशी की ते नशेच्या मागे जात नाहीत, द्राक्षाच्या मागे जातात. गणना ६ मधला नाझीर, म्हणजे देवाला वाहून घेण्याचा नवस केलेला माणूस, पाहा. नवस चालू असेतो त्याने वाइन आणि शेखार सोडायचीच, पण शिरका, ताजी द्राक्षं, मनुका, अगदी बिया आणि सालीसुद्धा वर्ज्य. मनुकेत कसली नशा?

आशीर्वचनंही तशीच. वाइनवर ‘वेलीचं फळ निर्माण करणाऱ्या’ देवाची स्तुती म्हणतात, आणि तीच न आंबवलेल्या रसावरही चालते. बिअर किंवा व्हिस्कीवर पाण्यासारख्या कुठल्याही पेयावर म्हणायचं ते साधं वचन. मार्क १४:२५ मध्ये येशू ‘ओइनोस’ न म्हणता ‘वेलीचं फळ’ म्हणतो, तेव्हा मला त्यात सरळ या प्याल्यावरच्या वचनाचा सूर ऐकू येतो.

म्हणूनच ‘कोशेर वाइन’, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारी वाइन, हा स्वतंत्र विषय आहे. मूर्तीपुढे ओतलेली वाइन ती ‘यायिन नेसेख’. तिचा लाभ घेणंही मना. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, कुंपण आणखी पुढे सरकवलं: परधर्मीयाने हाताळलेली वाइनही प्यायची नाही, मग ती कुठे अर्पण झालेली असो वा नसो. आजही कोशेर वाइनरीत द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंत पिंपाला, नळीला हात लावायचा तो शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसानेच. अपवाद ‘मेवुशाल’, म्हणजे उकळलेल्या वाइनचा. ती एकदा तापवली की वाढपी कोण आहे हा प्रश्न उरत नाही. उकळलेली वाइन कुणी देवाला वाहत नसे, हे त्याचं एक कारण देतात. ब्रँडी द्राक्षाची, म्हणून या नियमात येते. धान्याची व्हिस्की येत नाही. उलट वल्हांडणात जवाची बिअर ‘हामेत्स’ (आंबलेलं धान्य) म्हणून घराबाहेर जाते आणि वाइन मात्र पानावर हवीच. ‘दारू’ या एका शब्दात आपण हे सगळं कोंबतो, तिथेच अर्थ हातातून निसटतो.

प्रश्न: मग आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू वाइन कुठून आणत?

प्रतिसाद: फार चांगला प्रश्न. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’नी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केलं आणि त्यावर किद्दुश म्हटला. अनेक घरांत आजही तेच चालतं. याला कुणी ‘वाइनऐवजी भागवलं’ असं म्हणू नये. मनुका द्राक्षाच्याच, आणि मनुकांच्या पेयाला तलमुदात, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातही, मान्यता आहे. त्यामुळे वेलीच्या फळाचं वचन त्यावर अस्सल ठरतं. ‘द्राक्षारस’ हा शब्द सर्वांत खराखुरा लागू पडतो तो इथे.

प्रश्न: ‘कोशेर’ला ‘शुद्ध’ किंवा ‘सात्त्विक’ म्हणता येईल?

प्रतिसाद: ‘सात्त्विक’ अजिबात नको, गोमांस कोशेर असू शकतं. शब्दाचा अर्थ ‘योग्य, नियमात बसणारं’. बायबलमध्ये तो खाण्याला लावलेलाच नाही. एस्तेर ८:५ मध्ये ‘राजाला योग्य वाटलं तर’ अशा अर्थी आहे. दुभंगलेल्या खुरांचे रवंथ करणारे प्राणी, पर आणि खवले असलेले मासे या यादीत लेवीय ११ ‘शुद्ध-अशुद्ध’चे वेगळे शब्द वापरतं. मराठीत ‘कोशेर’ तसाच ठेवावा, ‘हलाल’ ठेवतो तसा.

प्रश्न: सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी हे सगळं सोडून दिलं?

प्रतिसाद: सगळं नाही. यरुशलेमच्या सभेने (कृत्ये १५) परराष्ट्रीय (ज्यू नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर डुकराचा किंवा वाइनचा निर्बंध घातला नाही, पण रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर, जारकर्म आणि मूर्तीला वाहिलेलं अन्न यांपासून दूर राहायला सांगितलं. वाइन तर उपासनेच्या मधोमध राहिली. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक पाणी मिसळलेल्या वाइनच्या प्याल्याचं वर्णन करतो. काही गट प्याल्यात नुसतं पाणी घेऊ लागले, तेव्हा तिसऱ्या शतकात कार्थेजच्या बिशप सिप्रियनने लांबलचक पत्र लिहून (क्र. ६३) त्याला ठाम विरोध केला. प्रेषित पौलाचा निकष निराळाच: आपल्या मांस खाण्याने, वाइन पिण्याने भाऊ अडखळत असेल तर ते न घेणं बरं (रोम १४:२१). इथे पदार्थ बाजूला राहतो आणि शेजारी बसलेला माणूस पुढे येतो. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं.

याच संदर्भात मराठी भाषांतरातला ‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’ जपून वाचावा. आपल्याला वरण-भात, मोदक दिसतात. करिंथ या ग्रीक शहरात तो बळी दिलेल्या जनावराच्या मांसाचा प्रश्न होता. देवळातलं मांस बाजारातही विकायला येई, आणि १ करिंथ १०:२५ मध्ये पौल त्याच मांसबाजाराविषयी बोलतो: तिथे जे विकतात ते चौकशी न करता खा. पुढे तो म्हणतो, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मी भाषांतर करत असतो तर ‘नैवेद्य’ऐवजी ‘बळीचं मांस’ लिहिलं असतं. ‘द्राक्षारस’ मात्र बदलला नसता. ‘वाइन’ लिहिलं की पेय कळतं, पण वेल मागे राहते. फक्त पहिल्या उल्लेखाशी ‘आंबवलेला’ एवढी तळटीप हवी.