शिसं पुन्हा वापरता येतं, पण वितळवतं कोण आणि कुठे?

‘शिशाची बॅटरी कितीही वेळा वितळवून नवी करता येते, मग प्रदूषणाची ओरड कशाला?’ असं काही जण विचारतात. त्यातला पहिला भाग बरोबर आहे. शिसं वितळवून शुद्ध केलं की पुन्हा पहिल्यासारखंच कामाला येतं. पण ते ३२७ अंशांनाच वितळतं, म्हणून त्याला मोठा कारखाना लागत नाही. शेडमागे कोळशाची भट्टी पेटवली तरी भागतं. ॲसिड जमिनीवर ओततात, बॅटऱ्या उघड्यावर फोडतात, आणि धूर नि धूळ वस्तीत जाते.

सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर इथे २००७-०८ मध्ये काही महिन्यांत १८ मुलं दगावली. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं तिथल्या वाळूत मिसळलं होतं, आणि मुलं त्याच वाळूत खेळत होती. हे वाचल्यापासून मला दारातल्या भंगाराच्या गाडीवर बॅटरी दिसली की राहवत नाही.

आपल्याकडे २००१ मध्ये नियम आले. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरीही भंगारवाला चार पैसे जास्त देतो म्हणून आपण इन्व्हर्टरची बॅटरी त्याला देतो. ते जास्तीचे पैसे येतात कुठून? धूर गाळण्याचा खर्च बेकायदा भट्टी करतच नाही, तिथून.

नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या, वजावट बिलावर लिहून घ्या. आणि वजन कमी करायला ॲसिड मोरीत ओतू नका, त्यातही शिसं असतं.