मिनेसोटात ॲशऐवजी बर ओक लावावा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अंगणात लवकर सावली मिळावी म्हणून ॲश हे झाड लावण्याचा सल्ला दिला गेला आहे. परंतु २००९ मध्ये या राज्यात आढळलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किडीच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरून झाड मारतात, त्यामुळे आज नवा ॲश लावणे मला अजिबात योग्य वाटत नाही. त्याऐवजी तेथलाच बर ओक हा ओकवृक्षाचा प्रकार निवडावा. कडाक्याची थंडी, अवर्षण आणि चिकण माती तो सहन करतो. जाड सालीमुळे गवताळ प्रदेशातील वणव्यांतूनही तो पूर्वापार तगत आला आहे. त्याची वाढ संथ असते, हे खरे; मात्र सोटमूळ लवकर खोल जात असल्याने मोठ्या झाडापेक्षा लहान रोपच चांगले रुजते. खोड मुळांकडे जिथे रुंदावते तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे (रोपवाटिकेच्या कुंडीतच तो अनेकदा गाडला गेलेला असतो, म्हणून लावण्यापूर्वी वरची माती हाताने बाजूला करून पाहावी). एप्रिल ते जुलै या काळात फांद्या छाटू नयेत, कारण ताज्या जखमांकडे ओढल्या जाणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत ओक विल्ट हा घातक बुरशीजन्य रोग पसरतो.