मदत हवी आहे : माळ्यावर सापडलेल्या पाथे-बेबी फिती

नमस्कार मंडळी,

बडोद्याला दांडिया बाजारातलं आमचं घर रिकामं करतोय. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या पगडीखाली 11 काळ्या गोल डब्या निघाल्या, पत्र्याच्या, तळहातावर मावतील एवढ्या. एकीतून वीतभर फीत बाहेर आली होती, ती खिडकीपाशी उजेडात धरली. करंगळीच्या नखाएवढी रुंद, आणि भोकं कडेला नाहीत, दोन चौकटींच्या मधोमध. लांब झग्यातली एक बाई कुत्र्यामागे धावतेय. पुढच्या चौकटीवर फ्रेंच अक्षरं, त्याच्या कडेला छोटी खाच. डबीवर पाथे या फ्रेंच सिनेमा कंपनीचं चिन्ह, कोंबडा.

शोधल्यावर कळलं, की पाथेनं 1922 मध्ये घरी सिनेमा बघता यावा म्हणून काढलेली ही 9.5 मिलिमीटरची ‘पाथे-बेबी’ फीत.

ओळखीतून एक संग्राहक बघून गेले. त्यांनी डबी आधी नाकाशी नेली, का ते विचारायचं राहिलं. म्हणाले, थेटरातल्या मूळ प्रती कितीतरी नष्ट झाल्या. पाथेनं आपलेच जुने मूकपट छोटे करून अशा फितींवर विकले, त्यामुळे कधी कधी जगात तेवढीच एक प्रत उरलेली असते. भाव चांगला देतायत. पण विकल्या की त्यांच्या कपाटात जाणार. फाळके ज्या गावच्या कलाभवनात शिकले, तिथून या फिती कुणी न बघता जाव्यात हे माझ्या जिवाला लागतंय.

मामा म्हणतात जुनी फिल्म पेट घेते, घरात नको. खरं का? प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक काका लावून बघू म्हणतायत. लावू का?

प्रतिसाद :

ताई, प्रोजेक्टरवर अजिबात नको! इतक्या वर्षांत फीत आखडते, मधल्या भोकात दात अडकला की चौकटच फाटते. पेट घेतं ते नायट्रेट नावाच्या जुन्या प्लास्टिकचं फिल्म, थेटरातलं. 9.5 घरासाठीच असल्यानं पहिल्यापासून ॲसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकवर, ती तशी भडकत नाही. पण ॲसिटेट सडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, म्हणून त्यांनी नाकाशी नेली. असा वास असलेली डबी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, आणि माळ्यावरून सगळ्याच खाली आणा.

ती खाच महत्त्वाची. मजकुराची चौकट मोजकीच छापायचे, खाच आली की प्रोजेक्टर वाचण्यापुरता थांबायचा. स्कॅन करणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर पाट्या क्षणात निघून जातील. दातांशिवाय फीत ओढणारा स्कॅनर असेल तिथेच द्या. डब्यांवरची नावं-क्रमांक टिपून, फोटोंसह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. तोवर त्या संग्राहकांना थांबायला सांगा.