कोर्टाची पायरी न चढलेले प्राध्यापक

'ज्यांनी कधी कोर्टात युक्तिवाद केला नाही, ते मुलांना कायदा काय शिकवणार?' हा मुद्दा मला अजिबात पटत नाही.

मुळात आपल्याकडे नियमच तसा आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालात की वकिली बंद. उलट वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे. म्हणून सकाळच्या वर्गाला पांढरा बँड लावूनच येणारे आणि तास संपताच कोर्टाकडे पळणारे सर बहुतेक लॉ कॉलेजांत दिसतात. ही परंपरा जुनी आहे. बाबासाहेबांनीही वकिली सांभाळून मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवलं आणि १९३५ साली ते तिथले प्राचार्य झाले.

पण निव्वळ अध्यापकांनी काय केलं तेही बघा. मथुरा प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार, आणि सर्वोच्च न्यायालयातून दोन्ही पोलीस निर्दोष. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी. 'प्रतिकार केला नाही म्हणजे संमती' हा तर्कच त्यांनी खोडून काढला. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

रोज त्याच न्यायाधीशांसमोर उभं राहणाऱ्या वकिलाला असं पत्र लिहिणं किती जड गेलं असतं!