पन्नास किलोची गोणी ‘कुणीही उचलतं’ म्हणणाऱ्यांना

दाणाबंदर

काल ‘भिवंडी गोदाम’ यांनी इथे लिहिलं, “माथाडी कायदा १९६९ चा, जग कुठल्या कुठे गेलं. मंडळं बंद करा, मोबाइलवरून तासावर लोडर मागवा. पन्नास किलोची गोणी कुणीही उचलतं, त्यासाठी मजुरीवर लेव्ही कशाला?” माथाडी म्हणजे ओझी वाहणारे हमाल, मंडळ म्हणजे या कायद्याखाली त्यांची नोंद ठेवणारं, आणि लेव्ही म्हणजे मजुरीवर मालकाने तिथे भरायची जादा रक्कम. बाकीच्यावर वाद होऊ शकतो, पण ते ‘कुणीही उचलतं’ घशाखाली उतरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१६ टन माल म्हणजे पन्नास किलोच्या ३२० गोण्या. सहा जणांची टोळी धरा. दोघे गाडीत भरणीला, चौघे वाहायला. प्रत्येकाच्या पाठीवर ८० गोण्या, म्हणजे ४ टन. गाडीच्या फाळक्यापासून (मागच्या झडपेपासून) थप्पीपर्यंत, म्हणजे रचलेल्या गोण्यांपर्यंत, तीस पावलं धरली तर ओझ्यासकट २४०० पावलं, आणि तेवढीच रिकामी परत. ही झाली एक गाडी.

आता उचलण्याची रीत. भरणीवाले दोघे गोणीचे कान, म्हणजे कोपरे, धरून एकाच दमात ती वाहणाऱ्याच्या पाठीवर ठेवतात. ठेवतात, टाकत नाहीत. वाहणारा गुडघ्यात वाकलेला असतो, कमरेत नाही. गोणी दोन्ही खवाट्यांवर (खांद्यामागच्या हाडांवर) आडवी बसली पाहिजे आणि कान त्याच्या हातात आले पाहिजेत. चार बोटं खाली बसली की सगळा भार कमरेवर, वर बसली की मानेला हिसका. नाव माथाडी असलं तरी पन्नास किलोचं ओझं चालतं पाठीवरच. डोक्यावर चुंबळ घेऊन जातात त्या पाट्या आणि टोपल्या.

थप्पी लावणं तर त्याहून अवघड. खाली लाकडी चौकटी, भिंतीपासून दोन फूट मोकळी जागा, गोणीचं तोंड आतल्या बाजूला. एक थर उभा, त्यावरचा आडवा, विटांच्या सांध्यासारखा. दहाव्या थरानंतर गोण्यांच्याच पायऱ्या करून चढायचं. तागाची गोणी एकमेकीला धरते, प्लास्टिक विणलेली घसरते. दोन्ही एकाच थप्पीत मिसळल्या किंवा पावसाळ्यात तळाची गोणी ओलावली की थप्पीला पोट सुटतं. ते वेळेत दिसलं नाही तर थप्पी माणसावर येते. तासावर आलेल्या मुलाला हे पोट दिसणार आहे का?

भिवंडी गोदाम

मेहनत आहे, कसब आहे, मान्य. माझं म्हणणं पैशाबद्दल होतं आणि त्याला तुम्ही हात लावलाच नाही.

कायद्यात रीत सरळ आहे. मालक मजुरी अधिक लेव्ही मंडळात भरतो, तिथून पैसे कामगाराच्या खात्यात जातात. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. उत्तम. पण नोंद एकाची आणि गोणी उचलतो बदली, म्हणजे त्याच्या जागी आलेला बिननोंदीचा माणूस, हे बाजारात कुणाला माहीत नाही? बदलीवाल्याला रोजचे रोख हातात. फंड नाही, रजा नाही, आणि थप्पी कोसळली तर त्याचं नाव कुठल्या वहीत नाही. ज्याच्यासाठी लेव्ही भरली तो गावाला. मग संरक्षण मिळालं कुणाला?

दुसरं, गोदामात डॉक लेव्हलर आहे, म्हणजे गाडी आणि फलाटाची उंची जुळवणारा पूल. पॅलेट, म्हणजे माल रचलेली चौकट, हाताने ओढायच्या अडीच टनांच्या हातपॅलेट गाड्या आहेत. एक माणूस टनाचं पॅलेट ओढून नेतो. तरी हिशेब मागतात गोण्यांवर. हात न लागलेल्या गोणीची हमाली कशाबद्दल? आणि फाटकावर ज्या बोगस संघटनांची माणसं पावतीपुस्तक घेऊन उभी राहतात त्यांना मी माथाडी म्हणणार नाही. पण ते शिरतात ते याच नावाच्या आडून.

चौदाचाकी

लेव्ही मालक भरतो, मजुरी मालक देतो. मग ड्रायव्हरकडून वाराई, म्हणजे टोळी रोख मागते ती उतराई, कशाची?

हा प्रश्न मंडळाच्या समर्थकांनी एकदा तरी अंगावर घ्यावा. भाडं ठरलं, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) झाली, त्यात हमालीचा एक पैसा गाडीवाल्याच्या खात्यात धरलेला नसतो. गाडी लागली की टोळी ड्रायव्हरला सांगते, टनामागे इतके. पावती नाही. ड्रायव्हर डिझेलच्या आगाऊ रकमेतून देतो. नाही दिले तर गाडी उभी, अर्धा दिवस गेला, परतीचं भाडं गेलं. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ एवढंच वाहतूकदार मागतात. केरळात हमालांसाठी १९७८ चा कायदा आहे, तिथेही न उचललेल्या मालाचे पैसे मागायची प्रथा होती, ‘नोक्कुकूली’, म्हणजे बघत बसण्याची मजुरी. सरकारने १ मे २०१८ पासून ती बंद केली. कामगार दिनालाच. कागदावरच्या बंदीने प्रथा एका दिवसात मरत नाही, पण निदान तिला चूक तरी म्हटलं. आपल्याकडे अजून तिला रिवाज म्हणतात.

थप्पी

वाराई चूक आहे. घ्या, लिहून दिलं.

आता पुढचं ऐका. ती कुणाच्या सोयीने चालते? दर ठरवताना व्यापारी शेठ टोळीला म्हणतो, माझ्याकडून एवढेच, बाकीचं गाडीवाल्याकडून बघा. मंडळात कमी मजुरी दाखवली की लेव्हीही कमी. उरलेलं ड्रायव्हरच्या खिशातून, रोख. फायदा शेठचा, शिव्या टोळीला, नुकसान तुमचं. कामगाराचंही नुकसानच, कारण रोख आलेल्या पैशावर त्याचा फंड कापला जात नाही. चौदाचाकी, तुम्ही टोळीशी भांडता कारण ती समोर उभी असते. शेठ गादीवर असतो.

आणि भिवंडी गोदाम, बदली वाईट म्हणून मंडळ बंद, हे कुठलं गणित? बदलीवाल्याची नोंद करा. तुमच्या मोबाइलवरच्या लोडरला तर मूळ नोंदच नाही. तो कायमचा बदलीच.

मसाला गल्ली

मंडळ राहो न राहो. मुळात गोणी पन्नासची असते कुठे? तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाड्यांनी पन्नासच्या वरची गोणी उतरवणार नाही म्हणून काम थांबवलं होतं, ते उगाच का? हमाली गोणीमागे असेल तर भरणाऱ्याला गोणी जड करण्यातच फायदा. दहा गोण्यांचा माल नऊ गोण्यांत बसवला की एका गोणीची हमाली वाचली, एक बारदान (रिकामं पोतं) वाचलं. ते वाचलेले पैसे कामगाराच्या मणक्यातून निघतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली, आणि तीही वरची हद्द म्हणून. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचं उचलण्याचं सूत्र २३ किलोपासून सुरू होतं. तेही ओझं अंगालगत, कमरेच्या उंचीवर आणि अधूनमधून असेल तर. वाकलात, वळलात, वारंवार उचललंत की आकडा खाली येत जातो. जपानात तांदळाचं पेंढ्याचं पोतं पूर्वी ६० किलोचं होतं, आता कागदी गोणी ३० ची. ब्रिटनमध्ये सिमेंटची गोणी ५० वरून २५ वर आणली. आपल्याकडे युरियाची ५० वरून ४५ झाली, ती शेतात खत कमी वापरलं जावं म्हणून, हमालाची पाठ वाचावी म्हणून नाही. सगळा कायदा, सगळी मंडळं एका बाजूला, आणि गोणी ३० ची करणं एका बाजूला.

फोर्कवाला

भावना समजली, हिशेब चुकतोय. १६ टन ३० किलोत भरा, ५३३ गोण्या होतात. म्हणजे २१३ वेळा जास्त उचलायचं, जास्त वळायचं. तुम्ही सांगता त्याच सूत्रात वारंवारिता वाढली की मर्यादा खाली येते. शिवाय बारदान वाढलं: पन्नास किलो धान्याच्या प्रमाणित तागाच्या गोणीचं स्वतःचं वजन ५८० ग्रॅम. गोणी लहान केली म्हणून कापड आणि शिलाई त्याच प्रमाणात कमी होत नाही. उपाय एकच, माणसाने उचलायचंच नाही. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट, त्यावर वीस गोण्या, फोर्कलिफ्ट. तासाभरात गाडी रिकामी.

मसाला गल्ली

हिशेब माझा नाही, तुमचा अर्धा आहे. पन्नासची गोणी पाठीवर द्यायला दोन माणसं लागतात. तीसची एकजण देतो. म्हणजे सहातले पाच वाहायला मोकळे. १६ टन भागिले पाच, ३२०० किलो. आधी ४००० होते. दर फेरीला मणक्यावर पन्नासऐवजी तीस. भरणीवाल्याच्या फेऱ्या वाढतात, खरं आहे, म्हणून त्याची पाळी दर शंभर गोण्यांनी बदलायची. कामगाराची पाठ एकूण टनांनी जात नाही. ती जाते त्या एका हिसक्याने, जेव्हा घाम आलेल्या हातातून कान सुटतो आणि तो गोणी सावरायला वळतो. पन्नास सावरता येत नाही, तीस येते. कॉम्प्युटरवर बसून वारंवारिता शिकवू नका.

फोर्कवाला

कॉम्प्युटर काढायची गरज नव्हती. भरणीच्या माणसाचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तेवढा मान्य, त्यापुढे नाही.

दाणाबंदर

फोर्कवाला, पॅलेट चालवणार कुठे? साध्या फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन मीटरची वाट लागते. मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत हातगाडी आणि टेम्पो समोरासमोर आले की दोघंही अडतात. जुन्या गाळ्यांत वरचा माळा लाकडी. त्यावर तुमचं यंत्र चढवाल तर माळ्यासकट खाली याल. हातपॅलेट गाडीचं पुढचं चाक मुठीएवढं, फरशीच्या एका खड्ड्यात अडकलं की टनभर माल तिथेच. आणि न्हावा शेवा बंदरात तांदूळ भरताना बघा. वीस फुटी कंटेनरमध्ये असली दहाच पॅलेटं बसतात, हाताने सुट्या गोण्या रचल्या तर २५ टन, म्हणजे पन्नासच्या ५०० जातात. निर्यातदार पॅलेट का घेईल? मे महिन्यात त्या लोखंडी पेटीत आत उभं राहून रचणारा माणूस म्हणूनच आजही लागतो.

भिवंडी गोदाम

मस्जिदच्या गल्लीचा नियम माझ्या गोदामाला कशाला? माझ्याकडे वाट आहे, फरशी आहे, यंत्र आहे. ब्रिटनने १९४७ ची गोदी कामगार योजना १९८९ मध्ये मोडली. तीही हीच होती: नोंदणी, मंडळ, हमीचं काम. बंदरं बुडाली नाहीत.

थप्पी

बंदरं नाही बुडाली. पण नोंदणीकृत कामगाराला जाताना ३५,००० पौंडांपर्यंत देऊ केले होते, ते लिहायचं राहिलं तुमचं. आणि ती योजना आली होती कशासाठी? सकाळी फाटकावर माणसं गोळा करायची, मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी, हे थांबवायला. मोबाइलवर बोट दाखवणं वेगळं आहे का?

यंत्राबद्दल सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० मध्ये गोदी कामगारांनी, हॅरी ब्रिजेस नेता असताना, करार केला. यंत्र आणा, टोळ्या लहान करा, आम्ही आडवे येणार नाही. बदल्यात नोंदणीतल्या कामगारांना हमी आणि म्हाताऱ्यांना लवकर निवृत्तीसाठी निधी. मालकांनी वर्षाला ५० लाख डॉलर घालायचे ठरले. यंत्राने वाचलेल्या पैशात वाटा मागितला. तुम्ही फोर्कलिफ्ट आणलीत तेव्हा टोळीसमोर असा कागद ठेवलात? टोळीतल्याच दोघांना ती चालवायला शिकवलंत? नाही ना, मग ते गोण्यांवरच हिशेब मागणार. त्यांच्या हातात दुसरं काय आहे?

भिवंडी गोदाम

टोळीतल्या माणसाला परवाना काढून यंत्रावर बसवायला माझी ना नाही. त्याची मजुरी आणि लेव्ही महिन्यावर ठरवा, गोणीवर नको. हे मंडळ लेखी देत असेल तर ‘बंद करा’ मागे घेतो. बोगस पावतीवाल्यांबद्दल एक अक्षर मागे घेत नाही.

चौदाचाकी

तुमचं जमलं. माझी वाराई तशीच.

थप्पी

बिल्टीवर ‘उतराई माल घेणाऱ्याकडे’ असं लिहून सही घ्या, माल निघायच्या आधी. आणि वजनकाट्याची पावती जोडा. निव्वळ वजनाला गोण्यांनी भागलं की एका गोणीचं वजन तिथेच उघडं पडतं. आज ते कुणी काढत नाही. टोळीच्या हातात ती पावती आली तर शेठला जाब विचारता येईल.

चौदाचाकी

पावती देतो. पण वाराई नाकारली आणि गाडी उभी केली, तर टोळी माझ्या बाजूने बोलणार का?

थप्पी

गोणी पन्नासच्या आत असेल तर बोलेल.

मसाला गल्ली

तीसच्या.