मिरगाचा पाऊस, पठारावरचे बेडूक: 'स्स्स' आणि वाऱ्याची धडधड कशी टाळायची?

कातळसडा
मिरगाला तीन आठवडे राहिलेत. कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरचा पहिला पाऊस, त्यानंतर डबक्यांतले बेडूक आणि जमलं तर राधानगरीच्या बाजूची पहाट, एवढं या हंगामात रेकॉर्ड करायचंय. साहित्य असं: हातात मावणारा छोटा रेकॉर्डर (आतले एक्सवाय माइक, म्हणजे एकमेकांशी तिरके लावलेले दोन माइक, शिवाय ३.५ मिमी माइक इनपुट, त्यातून प्लग-इन पॉवर, म्हणजे बाहेरच्या माइकला लागणारी थोडी वीज मिळते), सोबत आलेली फोमची टोपी आणि साधा ट्रायपॉड. सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, ऑटो गेन (आवाजाची पातळी रेकॉर्डरनेच कमी-जास्त करणं) चालू.

रंकाळ्यावर पहाटेची चाचणी घेतली, त्यात तीन अडचणी. शांत जागी सतत 'स्स्स' येतो आणि गेन वाढवला की तोही वाढतो. बारीक झुळूक आली तरी धडधड. आणि मोठा रस्ता एवढा लांब असून त्याची घरघर कानाला लागते तेवढी नाही, त्याहून जास्त येते. बजेट आठ-दहा हजार. नवा रेकॉर्डर घ्यावा का? दिवाळीनंतर गुऱ्हाळही घ्यायचंय, त्याला वेगळं काही लागतं का?

पंचगंगाकाठ
रेकॉर्डर बदलू नका. आधी ऑटो गेन बंद करा भावा, निम्मा 'स्स्स' तिथूनच येतोय. शांतता आली की ऑटो गेन आपोआप वर चढतो आणि माइकची स्वतःची कुजबुज उचलून पुढं आणतो. टिटवी ओरडली की धपकन खाली येतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये पार्श्वभूमी भात्यासारखी वर-खाली होत राहते आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद, एमपी३ बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाइल). गेन हाताने असा लावा की सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल (शून्य ही वरची हद्द). बाकीचा सगळा आवाज मीटरच्या तळाशी उणे ४५ला पडून दिसला तरी घाबरायचं नाही. २४ बिटमध्ये तो नंतर उचलता येतो. स्टीरिओला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डवर रात्र निघते.

उरलेला 'स्स्स' हा माइकचा सेल्फ नॉइज. त्याला सेटिंगचं औषध नाही, दोनच उपाय आहेत. एक, कमी नॉइजचे माइक. प्रिमो ईएम२७२ या कॅप्सूलचा (माइकमधला आवाज पकडणारा भाग) सेल्फ नॉइज १४ डेसिबल (ए) आहे, आणि प्लग-इन पॉवरवर चालणाऱ्या तयार जोड्या मिळतात. बजेटचा मोठा भाग तिथं घाला. दोन, जवळ जा. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. बेडूक ४ मीटरवर होता, माइक १ मीटरवर नेला, की १२ डेसिबल फुकट मिळाले. एवढा फरक विकत घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल.

रस्त्याच्या घरघरीचं कारण वेगळं आहे. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार राहते. आवाज गार हवेत सावकाश आणि उबदार हवेत वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून नदीच्या खोऱ्यात पहाटे पाचला पुणे-बेंगळुरू हायवे शेजारी असल्यासारखा वाटतो आणि दुपारी बाराला तोच गायब असतो. पहाट म्हणजे शांतता, हे शहराच्या आसपास खरं नाही. शहर आणि माइक यांच्यामध्ये एखादा डोंगराचा खांदा येईल अशी जागा शोधा.

वाघबीळ_वळण
वाऱ्याबद्दल सांगतो. फोमची टोपी बोलणाऱ्याच्या श्वासासाठी असते, पठारासाठी नाही. धडधड होते ती वाऱ्याच्या भोवऱ्यांनी माइकच्या पडद्यावर पडणाऱ्या दाबाची. तेव्हा पडद्याभोवती थांबलेल्या हवेचा गोळा जितका मोठा तितकं बरं. नुसतं केसाळ कापड माइकला घट्ट गुंडाळलं तर फारसा उपयोग नाही, कापड आणि माइक यांच्यात पोकळी पाहिजे.

घरी करायचं तर भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या दोन जाळीदार टोपल्या घ्या, साधारण वीतभर तोंडाच्या. तोंडाला तोंड लावून झिप-टायने बांधा. मध्ये केसांची रबरं आडवी-उभी ताणून त्यावर माइक टांगा, जाळीपासून सगळीकडून ५-६ सेंटीमीटर लांब. जाळीवर आधी पातळ जाळीदार कापड, त्यावर लांब केसांचं खोटं फर. फरचं मागचं विणकाम विरळ हवं. तोंडाला लावून फुंकून बघायचं, हवा आरपार गेली तर घ्यायचं. रबर लावलेल्या जाड पाठीचं फर आवाजाची धारच मारतं. केबल टोपलीतून बाहेर येते तिथं तिला एक ढिला वळसा द्या, नाहीतर केबल वाऱ्याने हलली की तिची खरखर माइकपर्यंत चढते.

आणि ट्रायपॉड उंच करू नका! सड्यावर वारा जमिनीपाशी सगळ्यात मंद असतो. माइक वीत-दोन वीत उंचीवर, एखाद्या दगडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून. जून लागला की तिथं वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे दगडाची पूर्वेची बाजू. एवढं करूनही धडधड आली तर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खोल आवाज कापणारी सोय) चालू करा. एरवी तो बंदच असू दे.

शीळकरी
लो-कट रेकॉर्ड करतानाच लावण्याला माझा विरोध. ढगांचा लांबचा गडगडाट त्याच पट्ट्यात असतो, एकदा कापला की गेला.

वाघबीळ_वळण
मान्य, गडगडाट हवा असेल तर नको. पण वाऱ्याने इनपुटच भरून क्लिप झालं, म्हणजे आवाज फाटला, तर गडगडाटही जातो आणि बेडूकही. त्या दिवशीचा वारा बघून ठरवा.

शीळकरी
बरं, आता पावसाचं. पावसाला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तो कशावर पडतो त्याचा आवाज आपण ऐकतो. कातळावरचा टपटपाट कोरडा, डबक्यातला बुडबुड्यांचा, गवतावरचा मऊ, कौलांवरचा वेगळा, पत्र्यावर नुसता दणका. उसाच्या पातीवरचा पाऊस आणि वारा दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये एकसारखी सळसळ होऊन बसतात, आणि त्याखाली बेडकांचे बारीक आवाज दबतात, म्हणून फडाच्या कडेला माइक लावू नका. एकच जागा धरून तासभर बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं चार पृष्ठभाग घ्या.

अडचण अशी की माइकच्या टोपीवर पडलेला थेंब 'ठप्' असा मोठा वाजतो आणि बाकीचं सगळं झाकतो. प्लास्टिक किंवा छत्री धरली तर तीच वाजते. माइकच्या वर फूट-दीड फुटावर तारेच्या चौकटीत काथ्याची जाड पायपुसणी तिरकी बांधा. थेंब काथ्यात फुटतो, मुरतो आणि कडेने ओघळतो. निथळणारी कड माइकवर येणार नाही अशी तिरकी ठेवा. घोंगडंही चालतं, थेंब छान गिळतं, पण भिजलं की जड होऊन खाली झोळ पडतो आणि वरून येणारा बारीक आवाज अडवतं. दहा मिनिटांच्या सरीपुरतं ठीक.

विजेचं मस्करीत घेऊ नका. वळवात पठारावर आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा: ३ सेकंदाला सुमारे १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर रेकॉर्डर तिथंच ठेवून खाली या. त्याचं काम तुमच्यावाचून चालतं.

बेडकांसाठी पहिला जोरदार पाऊस उघडल्यावर अंधार पडला की सुरुवात करा. तुम्ही डबक्यापाशी गेलात की सगळे गप्प होतात. माइक काठापासून १ मीटरवर लावायचा, बटण दाबायचं आणि २५-३० पावलं मागं जाऊन बॅटरी विझवून बसायचं. पाच-दहा मिनिटांत आधी एक बोलतो, मग पलीकडचा, मग कल्लोळ. तो शांततेतून चढत जाणारा भागच खरा ऐकण्यासारखा असतो, तो कापून टाकू नका. मोठे बैल-बेडूक जवळून फार जोरात ओरडतात, त्यांच्यासाठी गेन रातकिड्यांपेक्षा चांगला १५-२० डेसिबल खाली लागेल. मोबाइलवर बेडकाचा किंवा पक्ष्याचा आवाज वाजवून त्यांना बोलायला लावू नका. विणीचा काळ असतो, त्यांची शक्ती वाया जाते.

राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा आणि पावसाळ्यातली बंदी वनविभागाकडे आधी विचारा. सूर्योदयाआधी आत असणं परवानगीशिवाय जमणार नाही. बाहेरच्या वाड्यांच्या कडेलाही पहाट चांगली मिळते. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी माइक लावलेला हवा. शीळकरी कस्तुर हा पक्षी अंधार फिटतानाच माणसासारखी शीळ घालतो आणि ओढ्याच्या काठाला असतो. पण ओढ्याला चिकटून माइक लावलात तर पाण्याचा खळखळाट त्याला खाऊन टाकतो. ओढ्यापासून वर चढून, मध्ये एखादा उंचवटा घ्या. तिथं दोन माइक एखाद्या वीतभर जाडीच्या झाडाच्या खोडाला दोन्ही अंगांनी बांधा, कान डोक्याला असतात तसे. खोड डोक्याचं काम करतं आणि हेडफोनवर डावं-उजवं असं उघडतं की एक्सवाय विसराल. मुंग्यांची रांग असलेलं झाड मात्र टाळा. मुंगी फरमध्ये शिरली की रेकॉर्डिंगमध्ये हत्ती चालतो.

चिपाड
गुऱ्हाळाचं मी सांगतो. उसाचा घाणा चालू असताना काहिलीचं (रस उकळायच्या मोठ्या कढईचं) रेकॉर्डिंग करू नका. मोटारीची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५०च्या पट्ट्या सगळीकडे शिरतात. गाळप थांबतं आणि फक्त काहील उकळत असते ती वेळ विचारून ठेवा. चुलवाणात चिपाड सारतात त्या तोंडाच्या विरुद्ध बाजूला उभं राहा, नाहीतर जाळाची फरफर वर बसते.

रसाचा आवाज टप्प्याटप्प्याने बदलतो आणि तोच रेकॉर्डिंगचा विषय आहे. आधी तापत्या रसाची बारीक चुरचुर. भेंडीचं पाणी घालून मळी काढली जाते तेव्हा झाऱ्याचा घासता आवाज. मग मोठी उकळी, सलग खदखद. पाणी आटत जातं तसे बुडबुडे जड होतात, कमी होतात, 'फद्... फद्' असे सुटे फुटायला लागतात. गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो त्याच्या आसपास हा आवाज येतो. त्यानंतर वाफ्यात ओतण्याचा एकच लांब 'सर्रर'. तो अर्ध्या मिनिटात संपतो आणि पुन्हा करा म्हणता येत नाही, म्हणून त्याआधीच दुसरा माइक वाफ्यापाशी लावलेला असू दे.

माइक काहिलीच्या वर धरू नका. वाफ गार माइकवर बसली की पडद्यावर पाणी धरतं आणि चुटचुट सुरू होते. कडेपासून १ मीटर, बाजूने, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. माइक पिशवीतून काढून २० मिनिटं तिथल्या उबेत राहू द्या, मग चालू करा. हे पावसाळ्यालाही लागू. रात्री परत आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवायचं. रंगीत जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतं, पण ती कढई स्वयंपाकाला नको.

काँटॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिची थरथर उचलणारा) काहिलीला लावायचा विचार असेल तर सोडा, चिकटवलेला डिंक वितळेल. तो घाण्याच्या लोखंडी चौकटीला लावा, मोटारीपासून लांबच्या टोकाला. त्यासाठी २७ मिमीची पितळी पिएझो चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशात मिळते. पण ती थेट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला जोडली की आवाज चिरका, पत्र्यासारखा येतो, आणि लोक चकतीला दोष देतात. दोष जोडणीचा आहे. चकतीची कपॅसिटी साधारण २० नॅनोफॅरड. समोर २ किलोओहमचा इनपुट असेल तर सुमारे ४ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं ढासळतं. १ मेगाओहम इनपुटचा बफर प्रीअँप (छोटं जोड-सर्किट) मध्ये घातला की तीच हद्द ८ हर्ट्झवर येते आणि घाण्याची खरी घरघर ऐकू येते.

कातळसडा
सगळ्यांचे आभार. ईएम२७२ची जोडी मागवतो, टोपल्या घरातल्याच घेतल्यात (घरी अजून सांगितलेलं नाही). एक राहिलं: मिरगापर्यंत हातात काही नाही, तोवर सराव काय करू? आणि फायलींचा गोंधळ होतो, कुठली कुठली कळत नाही.

पंचगंगाकाठ
सराव रेकॉर्डरशिवाय करा. कागदाच्या मध्ये एक फुली मारा, ती म्हणजे तुम्ही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसा. जो आवाज येईल तो दिशेप्रमाणे आणि अंतराप्रमाणे कागदावर टिपा: तांबटाची ठोक, कपडे धुण्याची थाप, लांबचा हॉर्न, शेजारच्या माणसाच्या चपलेची करकर. मग तिथंच हेडफोन लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि दोन याद्या ताडून बघा. कानाने गाळलेलं माइकने घेतलेलं असतं, फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, विमान. नेमके कोणते आवाज आपला कान गाळतो हे आठवडाभरात समजतं, आणि मग जागा निवडताना ते आधीच ऐकू येतात. हेडफोन बंद कपांचा असावा आणि त्याचा आवाज एकदा ठरवला की हलवायचा नाही, नाहीतर गेन कमी असूनही जास्त वाटतो.

फायलींसाठी: बटण दाबल्यावर पहिल्या दहा सेकंदांत तोंडाने बोला. तारीख, वेळ, जागा, माइक कुठं तोंड करून आहे, वारा, ढग. मग अर्धं मिनिट गप्प बसा. त्यानंतर फायलीला नाव: वर्ष-महिना-दिवस, वेळ, जागा, विषय, याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. निकेल मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार तसाच निवडा. १.२ व्होल्टच्या सेलला रेकॉर्डर अल्कलाइन समजला तर भरलेली बॅटरीसुद्धा संपत आल्याचं दाखवतो. आणि रेकॉर्डरचं घड्याळ मोबाइलशी लावून घ्या. बॅटरी काढून ठेवली की बऱ्याच रेकॉर्डरांचं घड्याळ मागं जातं.